एक आज्ञावली, अनेक मोबाईल
मलकापूरच्या नवउद्योजकासाठी बहुमंच ॲप-निर्मितीचा एक पाठ

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघालेली एस. टी. सुमारे ४५ किलोमीटरचे अंतर तोडून मलकापुरात थांबते, तेव्हा पुढच्या आंबा घाटाची चाहूल लागलेली असते. बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर निराळे आणि कराडजवळचेही निराळे. हे मलकापूर शाहूवाडी तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव असून, एके काळी विशाळगड जहागिरीचे ठाणे होते. पश्चिमेस डोंगरदऱ्या, भाताची खाचरे, वाड्यावस्त्यांत विखुरलेली गावे आणि पावसाळ्यात दिवसेंदिवस न उघडणारे आभाळ असा हा मुलूख आहे. शेतीच्या जोडीला प्रत्येक घरी एकदोन म्हशी असतात आणि घरखर्चाची खरी भिस्त दर दहा दिवसांनी हाती पडणाऱ्या दुधाच्या बिलावर असते.

या तालुक्यातील मुले वारणानगर, कोल्हापूर, इस्लामपूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकून बाहेर पडतात व बहुधा पुण्याची वाट धरतात. त्यांपैकी काहींच्या मनात आता गावातच राहून स्वतःचा उद्योग उभारण्याचा विचार येऊ लागला आहे. नवउद्योग, ज्याला सर्रास स्टार्टअप म्हटले जाते, त्याला यंत्रसामग्रीचे भांडवल फारसे लागत नाही हे खरे. परंतु मनुष्यबळ आणि वेळ हे भांडवल लागतेच, आणि दोन-तीन जणांच्या चमूपाशी तेच सर्वांत तुटपुंजे असते. म्हणून त्यांच्यापुढे पहिल्याच दिवशी एक प्रश्न उभा राहतो. ॲप तयार करावयाचे ते कोणत्या फोनसाठी? अँड्रॉइडसाठी, आयफोनसाठी, की दोन्हींसाठी एकदाच? या तिसऱ्या पर्यायाला बहुमंच निर्मिती म्हणतात. गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात जी प्रगती झाली तिचा परिचय करून देणे आणि मलकापूरसारख्या ठिकाणी तिचा उपयोग कितपत व कसा होऊ शकेल याचा विचार करणे, हा या लेखाचा हेतू आहे.

वारणेचा जुना धडा

हा विषय परदेशातून आलेला आणि शहरी वाटत असला, तरी त्यातील मूळ प्रश्न मलकापूरच्या शेजारीच, वारणा खोऱ्यात, एकदा प्रत्यक्ष सोडवून पाहण्यात आला होता. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणा सहकारी समूहाच्या परिसरात १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू करण्यात आला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकाने जोडावयाची, गावोगावी संगणक केंद्रे उघडावयाची आणि उसाच्या व्यवहारापासून शेतीविषयक सल्ल्यापर्यंत सर्व माहिती शेतकऱ्याला गावातच द्यावयाची, अशी ती योजना होती. देशातील अशा स्वरूपाच्या आरंभीच्या प्रयोगांत तिची गणना होते.

पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी या केंद्रांची पाहणी केली. त्यांना असे आढळले की, शेतकरी तेथे प्रामुख्याने स्वतःच्या उसाचा व खतांचा हिशेब पाहण्यासाठीच येतो. संगणकाच्या इतर क्षमतांचा वापर क्वचितच होतो. तेव्हा एवढ्याच कामासाठी गावोगावी संगणक, त्याची वीज, दुरुस्ती आणि जोडणी यांचा खर्च कशासाठी करावयाचा? यातून ‘वारणा अनवायर्ड’ हा प्रयोग पुढे आला. सात गावांत आठ महिने संगणकाच्या जागी साध्या मोबाईलवरील एसएमएसचा वापर करण्यात आला. संगणकावर होणारी सर्व कामे त्या पद्धतीने पार पडली, खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांनाही ती पद्धत अधिक सोयीची वाटली. २००७ मध्ये बंगळूर येथे भरलेल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत या प्रयोगाचा अहवाल मांडण्यात आला.

त्या काळी बहुमंच ॲप हा शब्दही प्रचारात नव्हता. तथापि, प्रत्येक हातातील यंत्र निराळे असताना सर्वांना पोहोचणारा समान मंच कोणता, हा प्रश्न तोच होता, आणि त्या वेळचे उत्तर एसएमएस हे होते. आजचे उत्तर अधिक गुंतागुंतीचे आहे. मात्र एसएमएस त्यातून अजूनही वगळता येत नाही, हे पुढे दिसून येईल.

तीन पिढ्या

आयफोन २००७ मध्ये आणि पहिला अँड्रॉइड फोन २००८ मध्ये बाजारात आला. दोहोंची कार्यप्रणाली भिन्न, आज्ञावलीची भाषा भिन्न, पडदा रेखाटण्याची रीतही भिन्न. परिणामी एकच ॲप दोनदा लिहावे लागे, दोनदा तपासावे लागे आणि चूक सापडली म्हणजे ती दोनदा दुरुस्त करावी लागे. मोठ्या कंपनीला हे परवडते. दोघा मित्रांच्या उद्योगाला नाही.

यावर पहिला तोडगा निघाला तो २००९ च्या सुमारास आलेल्या ‘फोनगॅप’चा. संकेतस्थळ ज्या तंत्राने लिहितात त्याच तंत्राने पाने लिहावयाची आणि ती ॲपच्या वेष्टनात गुंडाळावयाची, अशी ही पद्धत. शिकण्यास सोपी, पण चालण्यास संथ. यादी वर सरकवू लागले की पडदा अडखळे, आणि स्वस्त फोनवर तर फारच. ॲडोबी कंपनीने २०२० मध्ये फोनगॅपची सेवा थांबविली.

दुसऱ्या पिढीत ‘झमारिन’ आणि ‘रिॲक्ट नेटिव्ह’ ही नावे येतात. फेसबुकने २०१५ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह सर्वांसाठी खुले केले. यात आज्ञावली जावास्क्रिप्टमध्ये लिहितात, परंतु पडद्यावरील कळ, चौकट, यादी ही त्या त्या फोनची अस्सल असतात. आज्ञावली आणि फोन यांच्यामध्ये एक पूल असे, आणि प्रत्येक निरोप मजकुराच्या रूपात बांधून त्या पुलावरून पलीकडे न्यावा लागे. गर्दी झाली म्हणजे पूल तुंबे. एअरबीएनबी या कंपनीने २०१८ मध्ये हे तंत्र सोडून दिल्याचे जाहीर केले, तेव्हा अनेकांनी त्याचे मृत्युलेख लिहिले. ते अकालीच ठरले. मधल्या वर्षांत पूल काढून टाकून आज्ञावलीला फोनच्या भागांशी थेट संबंध ठेवता येईल अशी नवी रचना उभारण्यात आली. ऑक्टोबर २०२४ मधील ०.७६ या आवृत्तीपासून ती मूलतः लागू झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मधील ०.८२ या आवृत्तीत जुनी रचना वापरण्याचा पर्यायच उरला नाही. झमारिनचे भाग्य तेवढे बलवत्तर नव्हते. मायक्रोसॉफ्टने ते २०१६ मध्ये विकत घेतले आणि १ मे २०२४ पासून त्याचा आधार काढून घेतला.

तिसरा विचार गूगलच्या ‘फ्लटर’ने मांडला. त्याची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. फोनची कळ, फोनची यादी असे काही उसने घ्यावयाचेच नाही. कोरा पडदा तेवढा मागून घ्यावयाचा आणि त्यावरील प्रत्येक रेषा व अक्षर स्वतः काढावयाचे, हे त्याचे तत्त्व होय. भिंत मालकाची, चित्र आपले. त्यामुळे एकच ॲप सर्व फोनांवर जवळजवळ हुबेहूब दिसते. आरंभी एखादी हालचाल पहिल्यांदा दिसताना पडदा क्षणभर थबकत असे. तो दोष घालविण्यासाठी ‘इम्पेलर’ हे नवे रेखाटन-यंत्र तयार करण्यात आले. ते २०२३ मध्ये आयफोनवर आणि डिसेंबर २०२४ च्या आवृत्तीपासून अँड्रॉइड १० व त्यापुढील फोनांवर मूलतः वापरले जाऊ लागले. शाहूवाडीसारख्या भागात फोन एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे वारसाहक्काने जातो. त्यामुळे याहून जुन्या फोनांना जुन्याच यंत्रावर काम भागवावे लागते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी लागेल.

याशिवाय जेटब्रेन्स कंपनीचे ‘कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म’ नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थिर म्हणून घोषित झाले. त्याचा दृष्टिकोन सावध आहे. हिशेब, नियम, साठवण एवढेच सामाईक ठेवा आणि पडदे हवे तर दोन्हीकडे स्वतंत्र लिहा, असे ते सांगते. पडदेही सामाईक करण्याची त्याची सोय आयफोनसाठी मे २०२५ मध्ये स्थिर झाली.

यांपैकी श्रेष्ठ कोणते, हा वाद तरुण मंडळी तासन्‌तास घालतात. प्रस्तुत लेखकाच्या मते तो बहुतांशी निष्फळ आहे. चमूतील मुलांना जावास्क्रिप्ट येत असेल तर रिॲक्ट नेटिव्ह, कोऱ्या पाटीने सुरुवात असेल तर फ्लटर, आणि अँड्रॉइडचे ॲप आधीच तयार असेल तर कोटलिन, एवढा ठोकताळा पुरेसा आहे. खरी परीक्षा साधनाच्या निवडीपुढे सुरू होते, आणि ती एखाद्या उदाहरणावाचून कळणे कठीण.

दूध संस्थेच्या उंबऱ्यावर

समजा, मलकापूरच्या दोन तरुणांनी गावोगावच्या दूध संस्थांसाठी हिशेबाचे ॲप करावयाचे ठरविले. पहाटे संकलन केंद्रावर उत्पादकांची रांग लागते. प्रत्येकाचे दूध मापले जाते, फॅट व एसएनएफ तपासले जाते, दरपत्रकावरून दर निघतो आणि हाती पावती पडते. संध्याकाळी पुन्हा तेच. दहा दिवसांनी बिल, त्यातून पशुखाद्याची कपात, आणि दिवाळीला वर्षभराच्या लिटरांवर दूध फरक. यांतील एक नोंद हरवली तर त्या पाळीचे पैसे बुडतातच, वर दिवाळीच्या फरकातही ती घट दिसते. एखाद्या विधवा बाईचा संसार दोन म्हशींवर चालतो. तिच्या दृष्टीने ॲपची चूक म्हणजे घरातील किराण्यात पडलेले भगदाड होय.

पहिला पेच आहे तो गणिताचा, आणि तो दिसतो तितका क्षुल्लक नाही. ५.३ लिटर दूध आणि ३६ रुपये ८५ पैसे दर धरला तर रक्कम होते १९५ रुपये ३० पैसे आणि वर अर्धा पैसा. हा अर्धा पैसा वर न्यावयाचा की खाली सोडावयाचा? डार्ट या फ्लटरच्या भाषेतील पूर्णांक करण्याची नेहमीची क्रिया त्याला वर नेते, म्हणजे ३१ पैसे. झमारिनच्या सी-शार्प भाषेतील नेहमीची क्रिया जवळचा सम आकडा घेते, म्हणजे ३० पैसे. केंद्रावरील फोनात एक भाषा आणि संस्थेच्या कार्यालयातील संगणकात दुसरी असेल, तर तेच दूध, तोच दर, आणि दोन निरनिराळ्या रकमा. नुकसान एका पैशाचे, पण पावती आणि वही जुळत नाहीत हे एकदा गावात बोलले गेले की त्या ॲपचा तेथील निकाल लागला म्हणून समजावे. यावर उपाय असा की, रक्कम नेहमी पैशांत व दूध लिटरच्या दशांशात, म्हणजे पूर्णांकातच साठवावे. ५३ गुणिले ३६८५ भागिले १०, असा हिशेब करावा. आणि अर्धा पैसा कोठे न्यावयाचा हा नियम भाषेवर न सोडता संस्थेच्या ठरावाप्रमाणे आज्ञावलीत स्वतः लिहावा. सामाईक आज्ञावलीचा खरा लाभ येथे आहे. पडदे एकसारखे दिसणे ही दुय्यम गोष्ट. पैशाचा नियम एकाच ठिकाणी लिहिला जाणे ही मुख्य.

दुसरा पेच संपर्काचा. दरीतील गावात रेंज असतेच असे नाही, आणि असली तरी मुसळधार पावसात वीज गेली की मनोऱ्याचा भरवसा राहत नाही. म्हणून ॲपने नोंद प्रथम फोनातच केली पाहिजे. त्यासाठी एसक्यूलाइट ही छोटी विदागार-प्रणाली सर्व मंचांवर उपलब्ध आहे व ती विनामूल्य आहे. रेंज आल्यावर नोंदी कोल्हापूरच्या किंवा आणखी कोठल्या सर्व्हरकडे जातील. ऐकताना हे सोपे वाटते. परंतु नोंद पोहोचली, सर्व्हरने ती लिहून घेतली, आणि ‘मिळाली’ हा निरोप परत येण्यापूर्वीच रेंज गेली तर? फोनाला वाटेल की नोंद पोहोचली नाही. तो ती पुन्हा पाठवील. आणि एका पाळीचे दूध दोनदा जमा होईल. यासाठी प्रत्येक नोंदीला फोनातच, तिच्या जन्माच्या वेळी, एक कायमचा व अद्वितीय क्रमांक द्यावा. त्याच क्रमांकाची नोंद पुन्हा आली तर सर्व्हरने ‘मिळाली’ एवढेच म्हणावे आणि दुसऱ्यांदा लिहू नये. तसेच चुकलेली नोंद खोडू नये. जुन्या खतावणीत मुनीम जशी उलट नोंद घालून चूक दुरुस्त करीत, तशीच दुरुस्तीची स्वतंत्र नोंद करावी. म्हणजे कोणी, केव्हा, काय बदलले याचा माग राहतो, आणि सचिवावरही विनाकारण संशय येत नाही.

या क्रमांकाबाबत एक सूचना. फ्लटरचे तेच ॲप संकेतस्थळ म्हणूनही चालविता येते. परंतु तेथे पूर्णांकाची अचूकता ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ या आकड्यापर्यंतच टिकते. फोनात त्याहून मोठे क्रमांक बिनचूक चालतात, संकेतस्थळावर मात्र त्यांचे शेवटचे अंक बदलू शकतात. म्हणून नोंद-क्रमांक संख्या म्हणून न ठेवता अक्षरांची माळ म्हणून ठेवावा. एक आज्ञावली सर्वत्र चालते याचा अर्थ ती सर्वत्र सारखी वागते असा नव्हे.

तिसरी गोष्ट यंत्रांच्या जोडणीची. केंद्रावरील वजनकाटा आणि दूध तपासणी यंत्र ही बहुधा जुन्या पद्धतीच्या सिरियल तारेने जोडली जातात. अँड्रॉइड फोनाला ती योग्य जोडणी घेऊन लावता येतात. आयफोनवर ॲपला अशा सर्वसाधारण यंत्रांशी तारेने बोलू दिले जात नाही. नोंदी मागच्या मागे पाठविण्याचे काम कधी करू द्यावयाचे हेही दोन्ही कार्यप्रणाली आपापल्या मर्जीने, बॅटरी वाचविण्याच्या हेतूने ठरवितात. कोणतेही बहुमंच साधन हे भेद पूर्णपणे झाकू शकत नाही. मग करावयाचे काय? लेखकाचा सल्ला असा की, येथे ॲप एक नसून दोन आहेत हे ओळखावे. केंद्रचालकाचे ॲप फक्त अँड्रॉइडवर असले तरी काही बिघडत नाही, कारण फोन संस्थाच घेऊन देणार. उत्पादकाचे ॲप मात्र कोणत्याही फोनवर चालले पाहिजे. मुंबईत नोकरीला असलेला मुलगा आयफोनवर आईच्या दुधाचा हिशेब पाहील, आणि आईच्या हातात कदाचित कळांचा साधा फोन असेल.

त्या साध्या फोनासाठी पुन्हा एसएमएसकडेच वळावे लागते. तेथेही दोन अडचणी आहेत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार व्यावसायिक संदेश पाठविणाऱ्याला आपले नाव व संदेशाचा नमुना आधी नोंदवावा लागतो. दुसरे असे की, रोमन अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, तर देवनागरीत केवळ ७०. काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक स्वतंत्र मोजली जाते. ‘सकाळ ५.३ लि. फॅट ६.८ रु. १९५.३१’ एवढा मजकूर सहज बसतो. त्यापुढे ‘आपले हार्दिक आभार’ यांसारखा मजकूर वाढवीत ७० अक्षरांची मर्यादा ओलांडली तर दोन संदेशांचे पैसे पडण्याची वेळ येते. आभार नसले तरी चालतील.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एका केंद्रावर, ॲप येऊन वर्ष झाले तरी सचिव शेजारी जुनी वही उघडीच ठेवीत. कारण विचारता त्यांनी एवढेच सांगितले की, पहिल्या पावसाळ्यात तीन दिवसांच्या नोंदी दिसेनाशा झाल्या होत्या आणि पुरवठादाराचा दूरध्वनी लागत नव्हता. त्या नोंदी ब्राउझरच्या तात्पुरत्या साठ्यात होत्या, आणि फोन भरल्यावर ब्राउझरने जागा मोकळी केली होती. संकेतस्थळालाच ॲपचे रूप देण्याची पद्धत स्वस्त आहे, उत्पादकाला हिशेब दाखविण्यास ती उत्तमही आहे. परंतु ज्या नोंदीची दुसरी प्रत अद्याप कोठेही नाही, ती तिच्या हवाली करू नये.

दऱ्या आणि दर्या

मराठी अक्षरांचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहण्याजोगा आहे, कारण परदेशी पुस्तकांत त्याचा उल्लेखही सापडत नाही. ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन, आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. डोंगरातील माणसाला हा फरक सांगण्याची गरज नाही, यंत्राला आहे. हा अर्धा र, त्याला शेपटीचा र म्हणा किंवा आणखी काही, युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या प्रकारे लिहिला जातो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. परंतु एका पद्धतीने लिहिलेले नाव दुसऱ्या पद्धतीने शोधले तर यंत्र ‘आढळले नाही’ म्हणते. ‘ॲ’ या अक्षराचेही तसेच. २००८ च्या युनिकोड आवृत्तीत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. पण ‘अ’ ला चंद्र जोडून लिहिण्याची जुनी पद्धतही चालूच आहे. सभासदांच्या यादीत शोध घेण्यापूर्वी सर्व नावे एकाच पद्धतीत आणून ठेवणारी दहा-वीस ओळींची आज्ञावली लिहिली, तर हा त्रास कायमचा मिटतो. नसता सचिव त्याच बाईचे नाव दुसऱ्यांदा नोंदवितो, तिला दोन सभासद क्रमांक मिळतात आणि दूध फरक दोन ठिकाणी विभागला जातो.

अक्षरे रेखाटण्याबाबत दोन मुख्य साधनांत भेद आहे. स्वतंत्र टंक न दिल्यास रिॲक्ट नेटिव्ह फोनचाच टंक वापरते. म्हणून जोडाक्षरे कशी दिसतील हे फोनच्या कंपनीवर अवलंबून राहते. फ्लटर अक्षरांची जुळणी स्वतः करते. ॲपसोबत चांगला मराठी टंक दिला तर ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे सर्वत्र एकसारखी मिळतात, मात्र त्यामुळे ॲपचा आकार वाढतो. ज्या ठिकाणी ॲप उतरवून घेण्यासही माणूस बाजारपेठेतील रेंजची वाट पाहतो, तेथे आकार हाही दराइतकाच महत्त्वाचा.

साधनांचे आयुष्य

ॲप तयार झाले म्हणजे काम संपले, असा समज नवउद्योजकाला सर्वांत महागात पडतो. गूगल दरवर्षी आपल्या दुकानातील ॲप नव्या अँड्रॉइडशी जुळवून घेण्यास सांगते. १ नोव्हेंबर २०२५ पासून, अँड्रॉइड १५ व त्यापुढील प्रणालीसाठी येणाऱ्या ॲपनी १६ केबी आकाराच्या स्मृतिपृष्ठांवर चालले पाहिजे अशी अट आली. ज्यांनी आपले फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह वेळोवेळी अद्ययावत ठेवले होते त्यांना ती फारशी जाणवली नाही. ज्यांनी तिऱ्हाइताचे जुने सुटे भाग ॲपमध्ये बसविले होते, त्यांची धावपळ झाली. ॲपमधील किरकोळ दुरुस्त्या परस्पर पोहोचविणारी मायक्रोसॉफ्टची ‘ॲप सेंटर’ सेवाही ३१ मार्च २०२५ रोजी बंद झाली. बहुमंच साधन वापरणारा उद्योजक अँड्रॉइड, आयफोन आणि ते साधन अशा तीन मालकांची चाकरी करीत असतो. वर्षाकाठी काही आठवडे निव्वळ देखभालीसाठी राखून ठेवावेत आणि संस्थेशी करार करताना त्याचा मोबदला त्यात स्पष्ट लिहावा. पहिल्या विक्रीच्या आनंदात हे कलम हमखास विसरले जाते.

उत्पादकांचे नाव, मोबाईल, बँक खाते ही वैयक्तिक माहिती होय. २०२३ चा अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम व नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याखालील नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. गरजेपुरतीच माहिती गोळा करणे आणि ती कशासाठी घेतली हे मराठीत सांगणे, ही सवय पहिल्या आवृत्तीपासूनच लावून घेतलेली बरी.

शासनाच्या बाजूनेही काही पाठबळ उपलब्ध आहे. केंद्र शासनाची स्टार्टअप इंडिया योजना जानेवारी २०१६ मध्ये, तर राज्याचे पहिले नाविन्यपूर्ण स्टार्टअप धोरण २०१८ मध्ये आले. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीमार्फत त्याची अंमलबजावणी झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नव्या धोरणास मान्यता दिली. महिलांनी चालविलेल्या उद्योगांसाठी २०२४ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावे योजना जाहीर झाली असून, तीत १ लाख ते २५ लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली. शासन स्वतःही ॲपचा मोठा वापरकर्ता आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने शेतकऱ्याला स्वतःच्या बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र घेण्यास व पीकपेरा नोंदविण्यास शिकविले. दूध संस्थेच्या ॲपला शाहूवाडीत जो वापरकर्ता मिळेल, त्याचा पहिला सराव तेथेच झालेला असेल.

प्रारंभ करताना

खर्चाचे आकडे प्रत्येकाचे निराळे. पण काही निश्चित आहेत. गूगलच्या दुकानात विकासक म्हणून नोंदणीसाठी एकदाच २५ डॉलर, तर ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर भरावे लागतात. आयफोनसाठी ॲप बांधावयास मॅक संगणक लागतो. तो नसेल तर भाड्याने मिळणाऱ्या सेवेवर भागविता येते. भारतातील बहुसंख्य फोन अँड्रॉइडचे असल्याने पहिले सहा महिने आयफोनची आवृत्ती काढूच नये, मात्र आज्ञावली बहुमंच पद्धतीनेच लिहावी, म्हणजे नंतर ती काढताना हिशेबाचा भाग पुन्हा लिहावा लागत नाही.

चाचणी शहरातील नव्या फोनवर घेऊन समाधान मानू नये. तीन-चार वर्षे वापरलेला, साठा भरलेला, काच तडकलेला एक फोन मुद्दाम मिळवावा. विमान-स्थिती चालू करून पूर्ण पाळी नोंदवावी, मध्येच बॅटरी काढावी किंवा फोन बंद करावा, फोनचे घड्याळ एक दिवस मागे न्यावे, आणि मग रेंज देऊन पाहावे की वही व सर्व्हर जुळतात काय. पहिले तीन महिने वही बंद करण्याचा आग्रह सचिवांकडे धरू नये. रोज संध्याकाळी दोन्हींची बेरीज ताडून पाहावी आणि फरक सापडल्यास तो त्याच रात्री शोधावा.

गूगलचा आणखी एक नियम येथे उपयोगी पडतो. नोव्हेंबर २०२३ नंतर व्यक्तीच्या नावाने उघडलेल्या खात्यावरील ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी काही परीक्षकांनी ते सलग १४ दिवस वापरलेले असावे लागते. परीक्षकांची संख्या आधी २० होती, डिसेंबर २०२४ मध्ये ती १२ करण्यात आली. शहरातील मुले हे बारा जण मित्रांमधून गोळा करतात. मलकापूरच्या मुलांनी ते दोन केंद्रांचे सचिव आणि दहा उत्पादक असे निवडावेत. १४ दिवसांत दहा दिवसांचे एक पूर्ण बिल निघते, आणि ते बिल घेऊन उत्पादक जेव्हा केंद्राच्या पायरीवर बसून बोटांवर हिशेब मांडतो, तेव्हा त्याच्या शेजारी बसून ऐकता येते.